मूळ कारण : टीना हिलम

परिशिष्ट सात, पान तीन, वरून चौथी ओळ. टीनाला ती ओळ डोळे मिटूनही वाचता यायची.

"मूळ कारण : क्षेत्र समन्वयक टीना हिलम हिने केलेली निष्काळजी नोंदणी. धडा : अधिक शिकलेले कर्मचारी नेमावेत."

ही ओळ नऊ वर्षांपूर्वी तिचा तेव्हाचा साहेब सर्वेश याने लिहिली होती. प्रकल्प संपला की त्यात काय चुकलं, का चुकलं आणि पुढच्याने काय टाळावं हे लिहून ठेवायची रीत असते. त्या कागदाला 'शिकलेले धडे' म्हणतात. रीत चांगली आहे. पण सर्वेशला आपला तो कागद इतका आवडला, की कुठल्याही बँकेसमोर किंवा विमा कंपनीसमोर आपल्या कंपनीचं काम मांडायचं झालं, की तो नमुना म्हणून प्रस्तावाला जोडू लागला. त्यातलं नाव खोडावं, एवढंही त्याला कधी सुचलं नाही. त्या धंद्यात माणसं मोजकी आणि सतत एकमेकांकडे जा-ये करणारी. ठाण्यात एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं होतं, "हिलम? तुम्ही त्या परिशिष्टातल्या तर नाही ना?" दुसऱ्या ठिकाणी कुणी विचारलंही नाही. नुसतं कळवतो म्हणाले.

टीना जव्हार तालुक्यातल्या वांगणीची. आईबाप दुसऱ्याच्या बांधावर राबणारे, भात कापून झालं की वीटभट्टीवर जाणारे. तिने जव्हारच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी. एस्सी. केलं, तेव्हा वस्तीत त्या विषयाचं नाव नीट घेता येणारं दुसरं कुणी नव्हतं. पहिली नोकरी सर्वेशच्या हाताखाली लागली. एका बँकेसाठी गावोगाव फिरून, बोटांचे ठसे घेऊन खाती उघडायची. सर्वेश जव्हारचाच. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं ताडपत्री-छत्र्यांचं दुकान. तो मुंबईत शिकून प्रकल्प व्यवस्थापक झालेला, आणि आपल्या भागात आपला माणूस म्हणून कंपनीने त्यालाच पाठवलेलं.

त्याने संगणकाला एक नियम घालून दिला होता. नाव, आडनाव, जन्माचा दिवस-महिना आणि तालुका जुळले, तर माणूस एकच समजायचा आणि जास्तीच्या नोंदी दुबार म्हणून काढून टाकायच्या. टीनाने जामसरहून परत येताना जीपमध्येच त्याला सांगितलं.

"सर, इकडे मंगळवारी जन्मला तो मंगळ्या. वाघ आडनावाच्या प्रत्येक पाड्यात दोन-तीन मंगळ्या निघतील. आणि खरी जन्मतारीख कुणाला माहीत नसते, म्हणून अंदाजाने साल घालून सगळ्यांना एक जानेवारी लावलीय."

सर्वेश मोबाइलवरून नजर न काढता हसला. "अगं, आमच्या दुकानात तेच! येईल तो मंगळ्या. बाबा तर कुणालाही हाक मारायचे, ए मंगळ्या, ताडपत्री धर. आणि तो धरायचा! कुठे काय बिघडलं?"

बिघडलं महिन्याभरात. वेगवेगळ्या गावांतल्या सहा जणांचं मिळून एक खातं झालं. लोक टीनाच्या दारात आले. चुलत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, आमची नावं कुठं विकलीस?" आणि ठाण्याच्या बैठकीत सर्वेशने ती ओळ लिहिली. जीपमधलं बोलणं कुठल्याच कागदावर नव्हतं. टीनाला त्याच दिवशी घरी पाठवलं.

त्यानंतर तिने जे शिकायला घेतलं, ते पोट भरण्यासाठी असं ती लोकांना सांगायची. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. मोखाड्यात एका झेरॉक्सच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच संगणकावर प्रकल्प व्यवस्थापनाचे धडे वाचायची. शिकता शिकता तिला एकेका गोष्टीचं नाव कळत गेलं. आपण जीपमध्ये जे सांगितलं त्याला जोखीम म्हणतात, आणि ती ऐकणाऱ्याने नोंदवहीत लिहायची असते. नियम बदलायचा तर बदलाची विनंती लेखी द्यायची असते. गावात उतरवण्याआधी ज्यांच्यासाठी काम केलंय त्यांच्यासमोर चाचणी घ्यायची असते. सर्वेशने यातलं काहीएक केलं नव्हतं. ती दर वर्षी एक परीक्षा देत गेली, आणि दर वर्षी त्याच्या नावावर आणखी एक गुन्हा सापडत गेला. ते सगळे तिने एका वहीत क्रमांक घालून लिहिले. विम्याची परीक्षा, माहितीच्या विश्लेषणाची, मग प्रकल्प व्यवस्थापनाची मोठी परीक्षा. त्या मोठ्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा ती रडली नाही. वही उघडली, बावीस क्रमांकापर्यंत वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज भरला.

शेवटी एका विमा कंपनीत ती चिकटली. आधी चाचणी विभागात, मग सहायक, मग प्रकल्प व्यवस्थापक. आणि गेल्या वर्षी कंपनीने जव्हार-मोखाड्यातल्या स्थलांतरित मजुरांसाठी अपघात विम्याचं कार्ड काढायचं ठरवलं, तेव्हा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या प्रस्तावांत एक प्रस्ताव सर्वेशच्या कंपनीचा निघाला. तो आता तिथला संचालक होता. तिने कागद उलटे चाळत परिशिष्ट सात काढलं. ओळ जागेवर होती.

सहकाऱ्यांना वाटलं, टीना तो प्रस्ताव बाजूला काढेल. तिने काढला नाही. गुण दिले ते नियमाप्रमाणे दिले, आणि काम सर्वेशला मिळालं.

पहिल्या बैठकीला तो जाडजूड होऊन, डोक्यावरचे केस विरळ होऊन आला. तिला पाहून क्षणभर गडबडला, पण दुकानदाराचा मुलगा तो, लगेच सावरला. विभागप्रमुख जानकी मॅडमना म्हणाला, "अहो, ही आमच्या जव्हारची मुलगी! हिला मीच घडवलंय."

"हो," टीना म्हणाली. "सरांचा वाटा मोठा आहे."

वांगणी आणि जामसर या दोन गावांत आधी कार्डं चालू करून बघायची, आणि मोखाड्यातल्या चाचणीनंतर दोन्ही तालुक्यांचा निर्णय घ्यायचा, असं ठरलं. कार्डं चालू झाली त्याच दिवशी तिच्या हाताखालची समृद्धी लॅपटॉप घेऊन आली. हुशार मुलगी, डोळ्यांत तेल घालून बघणारी.

"ताई, हे बघा ना. दोन्ही गावं मिळून वाघ आडनावाचे मंगळ्या सात नोंदवले होते. कार्ड एकच निघालंय. त्यांनी कुठला तरी जुना नियम तसाच ठेवलाय. फाइलवर तारीख पण जुनीच आहे, आणि खाली सर्वेश सरांची आद्याक्षरं."

टीनाने फाइल पाहिली. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. त्याने काहीच शिकून घेतलं नव्हतं. एक ओळसुद्धा.

"जोखीम नोंदवहीत टाकू?" समृद्धीने विचारलं.

"नको."

"पण ताई, कार्डं चालू आहेत."

"चाचणीच्या यादीत एक भर घाल. क्रमांक एकतीस. यादीतलं नाव पुरवठादाराने स्वतः हाक मारून वाचायचं, जो माणूस उठेल त्याचा चेहरा कार्डाशी जुळवायचा. आजची तारीख घाल. आणि सर्वेश सरांची सही घे."

समृद्धीने टीनाचा चेहरा बघितला आणि यादी उघडली. सर्वेशने यादी न वाचताच सही केली. तसंच होणार हे टीनाला माहीत होतं. वहीतल्या त्याच्या गुन्ह्यांत तो नववा क्रमांक होता. आता फक्त बावीस दिवस थांबायचं होतं. नऊ वर्षं थांबलेल्या माणसाला बावीस दिवस ते काय?

चाचणी मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी ठेवली, म्हणजे लोकांना वेगळी खेप पडणार नाही. बाजाराच्या मागच्या समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या. बाहेर सुकट, मिरच्या, प्लास्टिकच्या चपला. जीपवाल्यांचा जव्हार, जव्हार असा पुकारा. आत दोन्ही गावांतली शंभरेक माणसं. जानकी मॅडम मुंबईहून मुद्दाम आल्या होत्या. सर्वेश पांढऱ्याशुभ्र शर्टात, हातात टॅब घेऊन, सगळ्यांना चहा मिळाला का बघत होता. तीस चाचण्या सुरळीत झाल्या. तो खुशीत आला.

"एकतीस," टीना म्हणाली. "सर, तुम्ही हाक मारायची. तिसऱ्या पानावरचं पहिलं नाव."

सर्वेशने टॅब डोळ्यांपुढे धरला आणि दुकानात मारावी तशी मोकळ्या गळ्याने हाक दिली, "ए मंगळ्या! मंगळ्या वाघ!"

सतरंजीवर खसखस झाली. आणि सात माणसं उभी राहिली. सहा जणांनी उजवा हात वर केला, मागच्या एकाने डावा.

"एकानेच या," सर्वेश म्हणाला. "मंगळ्या वाघ कोण?"

"आमीच ना."

"अहो, टॅबवर एकच आहे. बाकीचे दुबार दिसतायत."

"दुपार कसली?" पुढचा जामसरचा म्हातारा म्हणाला. "सकाळच्या जीपनं आलोय मी."

लोक खो खो हसले. सर्वेशही हसला, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जानकी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टॅब मागून घेतला, कार्डावरचा फोटो पाहिला, मग सातही चेहरे पाहिले. फोटो जामसरच्या म्हाताऱ्याशेजारच्या तरुणाचा होता.

"बाकीच्या सहा जणांची कार्डं कुठे आहेत, सर्वेश?"

"मॅडम, नोंदणीत घोळ झाला असेल. गावातली मुलं नोंदणी करतात, त्यांना कितपत समजतं..."

टीना याच वाक्यासाठी थांबली होती. तिने फाइलचा छापील कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी परिशिष्ट सात. आवाज चढवला नाही.

"नोंदणी सातही जणांची बरोबर झालीय. हा नियम त्यांना एक करतो. वर तारीख आहे, खाली आद्याक्षरं. आणि हा त्याच वर्षीचा सरांचा कागद. चौथी ओळ."

जानकी मॅडमनी दोन्ही वाचले. मग चष्म्यावरून टीनाकडे पाहिलं. "ही टीना हिलम म्हणजे..."

"मीच. सरांना मी हे तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, त्यांच्या दुकानात येईल तो मंगळ्याच असायचा." मग ती सर्वेशकडे वळली. "सर, सातही समोर उभे आहेत. तुमच्या दुकानात यायचा तो यातला कोणता?"

सर्वेशने सात जणांकडे पाहिलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. जामसरचा म्हातारा पुढे झुकून म्हणाला, "मी येयाचो रे शेठ. तू गल्ल्यावर बसून गोळ्या खायचास. ताडपत्री मीच धरायचो."

या वेळी कुणी हसलं नाही.

जानकी मॅडमनी कामाचं बोलायला सुरुवात केली. नियम आजच बंद करायचा, कार्डं नव्याने काढायची, तोपर्यंत दोन्ही तालुक्यांचा निर्णय थांबेल. "आणखी काही?" त्यांनी टीनाला विचारलं.

"एकच. परिशिष्ट सात दुरुस्त व्हावं. सरांच्या हातानं, इथेच. आणि ज्यांना ज्यांना ते गेलंय, त्यांना दुरुस्त प्रत जावी."

"टीना," सर्वेश खालच्या आवाजात म्हणाला, "एवढ्याशा ओळीसाठी?"

"एवढीशीच आहे. लिहायला वेळ नाही लागणार." तिने आपलं पेन त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने लिहिलं : "मूळ कारण : प्रणालीतील नियम सदोष होता."

तिने कागद परत सरकवला. "कुणी ठरवलेला नियम? माझं नाव बसलं होतं ओळीत, तुमचंही बसेल."

त्याने खोडून पुन्हा लिहिलं. या वेळी नाव आडनावासकट आलं. पेनाचं टोक कागदात रुतलं होतं.

"आणि धडा? धडा काय लिहू?" त्याने दात आवळून विचारलं.

"तो आहे तसाच राहू द्या. अधिक शिकलेले कर्मचारी नेमावेत. आता बरोबर बसतो."

टीनाला वाटलं होतं, या क्षणी छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं. अगदी हलकं वाटलं, आणि सर्वेशचा उतरलेला चेहरा तिने घाई न करता, पाणी प्यावं तसा पाहून घेतला. कुणाला याची लाज वाटत असेल तर वाटो, तिला वाटली नाही.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. तिच्यामागून डावा हात वर करणारा तो मंगळ्या. त्याचा उजवा हात बांबूच्या कामट्या लावून, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेला होता.

"बाय, तू हिलमाची ना? वांगणीची?" बाईने विचारलं. "मी बाळी, याची बायको. याचा हात बघ ना. भिवंडीला पडला, बांधकामावरून. कार्डवाल्या दवाखान्यात नेला, तर मशीनवर नाव बघून तो बोलला, फोटो तेरा नहीं है, दुसरे के कार्ड पे आया क्या. हाकलून दिला आमाला. मंग गावात आणून बांधला."

"कधी पडला?" टीनाने विचारलं.

"मागल्या बाजाराच्या आदल्या दिवशी."

म्हणजे आठ दिवस. टीनाचं गणित कधी चुकत नसे. नियम तिला माहीत होऊन बावीस दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी नोंदवहीत ओळ पडली असती, तर दोन दिवसांत नियम बंद झाला असता आणि मंगळ्या पडायच्या आत त्याचं कार्ड त्याच्या हातात असतं. तिने त्याची बोटं पाहिली. सुजलेली होती, आणि मनगट सरळ रेषेत नव्हतं. असं बसलेलं हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

"लय दुखतंय?" तिने विचारलं.

"दुखतंय त्याचं काय नाय," मंगळ्या म्हणाला. "पण विळा धरता येल का नाय, ते सांग."

कोपऱ्यात समृद्धी मान खाली घालून उभी होती.

जानकी मॅडम फोनवर दवाखान्याशी बोलू लागल्या. पत्र लिहून देते, आत्ता दाखल करून घ्या, म्हणत होत्या. इकडे सर्वेश चाचण्यांची यादी चाळत होता. तो एका पानावर थांबला. मग त्याने मान वर केली, आणि इतका वेळ गेलेला रंग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू परत आला.

"टीना, एकतीस नंबरची चाचणी नंतर घातलेली दिसते. तारीख बावीस दिवसांपूर्वीची आहे." तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलत होता. "कार्डं चालू झाली तो दिवस. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं."

टीनाने यादीतली ती तारीख पाहिली.

"माहीत असून गप्प बसलीस. माझी फजिती करायला. आणि या बिचाऱ्याचा हात गेला." तो हसला, तेच जीपमधलं हसू. "माझ्या पुढच्या प्रस्तावाला नवं परिशिष्ट मिळालं म्हणायचं. काय लिहू, मूळ कारण?"

त्याच्या हातात अजून तिचंच पेन होतं. टीनाने हात पुढे केला आणि ते काढून घेतलं. त्याने नुकताच लिहिलेला कागद आपल्यापुढे ओढला आणि त्याच्या ओळीखाली, सुवाच्य अक्षरांत, खाडाखोड न करता लिहिलं :

"हाच दोष पुन्हा बावीस दिवस चालू राहिला. मूळ कारण : प्रकल्प व्यवस्थापक टीना हिलम हिला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. तिने तो नोंदवला नाही आणि सहकारी समृद्धीलाही नोंदवू दिला नाही. परिणाम : मंगळ्या वाघ, वांगणी, उजवा हात."

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद जानकी मॅडमपुढे ठेवला. त्यांनी फोन कानावरून खाली घेत वाचला. पुन्हा वाचला.

"याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुला?"

"हो मॅडम. उद्या ऑफिसात येते. तुम्ही ठरवाल ते."

सर्वेश रिकामी बोटं चाळवत उभा होता. ही ओळ तो लिहिणार होता. आपल्या शब्दांत, आपल्या सोयीने, आणि पुढची नऊ वर्षं मिरवणार होता. तेवढंही टीनाने त्याला लाभू दिलं नाही.

"धड्याचा रकाना रिकामा आहे," जानकी मॅडम म्हणाल्या.

"हात बसू दे त्याचा. मग लिहीन."

तिने पेनाला टोपण लावलं, बाळीच्या हातातली पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि तिघं दवाखान्यात जायला बाहेर पडली. जीपवाल्याने पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवून मंगळ्याला जागा करून दिली.

"नाव काय रे तुझा?" त्याने विचारलं.

"मंगळ्या."

"कुठला मंगळ्या?"

"वांगणीचा," टीना म्हणाली. "चला."